आधी पाणी: बेटांवरील ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

नदीला मराठीत मोठा मान आहे. तिला माहात्म्य असते, घाट असतात, परिक्रमा असते; तिच्यावर धरण बांधायला घेतले की आंदोलन उभे राहते आणि पुढे त्यावर पुस्तकेही होतात. ओढ्याच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. खरेदीखतात तो चतुःसीमेची खूण म्हणून येतो, रस्त्याच्या कामात मोरी म्हणून येतो, आणि गाव वाढून शहर झाले की त्याचा नाला होतो. तरीही पाण्यातले जीव, पाण्यावरचे हक्क आणि बिघडलेले सावरण्याची माणसाची धडपड या तिन्हींचा एकत्र अभ्यास करायचा तर ओढ्यासारखी जागा नाही. त्यातही ओढा बेटावरचा असेल तर अधिकच चांगले. माथ्यावरचा पाऊस, मधले रान, शेते, घरे, खाडी आणि समुद्र हे सगळे तिथे एका दिवसाच्या पायपिटीत येते. वर केलेली चूक खाली दिसायला वेळ लागत नाही.

या अभ्यासात पहिल्यांदाच येणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. व्याख्या आणि सिद्धान्त पुढे येतीलच. त्याआधी एका खऱ्या ओढ्याची ओळख करून घेऊ, कारण या शास्त्रातले जवळजवळ सगळे महत्त्वाचे प्रश्न त्याच्या काठावर लढले गेले आहेत. हा ओढा म्हणजे हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरचा वायाहोले.

ओआहूच्या पूर्व बाजूला कोओलाऊ नावाची डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारे व्यापारी वारे तिला धडकतात आणि पूर्वेच्या उतारावर वर्षभर पाऊस पाडतात. रांगेच्या पलीकडे मात्र जमीन कोरडी राहते. घाटमाथा ओलांडला की पाऊस कसा आटतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. खडकही ओळखीचाच, ज्वालामुखीचा बेसाल्ट. या बेसाल्टात नंतर उसळलेल्या लाव्हाच्या उभ्या, घट्ट भिंती शिरलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात; धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती जमिनीतून वर आलेल्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. कोओलाऊच्या पोटात या भिंतींमध्ये पावसाचे पाणी अडून राहते आणि उंचावरच्या झऱ्यांमधून सावकाश बाहेर पडते. त्यामुळे वायाहोले, वाईकाने आणि काहाना हे ओढे पाऊस नसतानाही वाहत असत. लांबी काही किलोमीटरच. डोंगरातून निघून थोड्या शेतांतून जात पहिले दोन कानेओहेच्या प्रवाळी उपसागराला मिळतात, आणि काहाना थोडा उत्तरेकडे आपल्या स्वतंत्र उपसागराला.

आता या पाण्यात राहणाऱ्यांकडे वळू, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे. हवाईची बेटे समुद्राच्या तळातून वर आली. कोणत्याही खंडाशी ती कधीच जोडलेली नव्हती. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत सापडणारे गोड्या पाण्याचे मासे जमिनीवरच्या पाण्याच्या वाटांनी पसरत आले. खारा समुद्र ओलांडणे त्यांना शक्य नाही. हवाईच्या ओढ्यांत जे आले ते समुद्रातूनच आले आणि समुद्राशी असलेले नाते त्यांनी कधी तोडले नाही. तिथल्या ओढ्यांत मूळचे मासे फक्त पाच जातींचे आहेत. हवाईयन लोक त्यांना एकत्रितपणे ओओपू म्हणतात. चार जाती गोबी गटातल्या, पाचवी त्यांच्या जवळच्या कुळातली. कोकणात ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर उड्या मारणारे निवटे पाहिले असतील, तर या ओओपूंपैकी काहींचे लांबचे भाऊबंद तुम्ही पाहिलेच आहेत. माशांच्या जोडीला दोन जातींच्या कोळंब्या आहेत आणि हीहीवाई ही दगडाला चिकटून राहणारी शंखवर्गीय गोगलगाय आहे.

या सर्वांचे आयुष्य एका फेरीत चालते. माशांची मादी ओढ्यातल्या दगडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेला जीव इतका लहान असतो की त्याला पोहणे म्हणावे असे काही येत नाही. प्रवाह त्याला खाली नेतो. थोड्याच दिवसांत खाऱ्या पाण्यात पोहोचला तर जगतो, नाहीतर अन्नावाचून मरतो. पुढचे काही महिने तो खुल्या समुद्रात वाढतो. मग बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी काचेसारखी पारदर्शक पिल्ले, ज्यांना तिथे हिनाना म्हणतात, थव्यांनी ओढ्यांच्या मुखाशी येतात आणि प्रवाहाविरुद्ध वर निघतात. पोटाखालचे पर जुळून झालेल्या चकतीने ती ओल्या कातळाला चिकटतात. नोपिली नावाच्या जातीच्या पिल्लाचे तोंड समुद्रात असताना पुढे असते; गोड्या पाण्यात आल्यावर दोन दिवसांच्या आत ते खाली सरकते, आणि मग तोंड व चकती आळीपाळीने टेकवत ते धबधबा चढू लागते. आलामोओ ही जात तर हवाई बेटावरच्या आकाका धबधब्याच्या वर सापडते. तो धबधबा सुमारे १३० मीटर उंच आहे. आकुपा ही पाचवी जात चढू शकत नाही. ती खालच्या संथ पाण्यात दबा धरून बसते आणि वर जाणाऱ्यांना खाते.

ही फेरी नीट समजली की बेटावरच्या ओढ्याचे अर्धे शास्त्र समजले, असे मला वाटते. तीतून निघणारे निष्कर्ष साधे आणि कठोर आहेत. ओढ्याचे पाणी अखंड समुद्रापर्यंत पोहोचलेच पाहिजे. मधला एखादा टप्पा जरी कोरडा पडला, तरी वरचे पाणी कितीही निर्मळ असले तरी उपयोग नाही. मुखाशी गोड्या पाण्याचा ओघ समुद्रात उतरला नाही, तर पिल्लांना परतीची वाट कळत नाही. आणि परतणारे पिल्लू आपल्याच जन्माच्या ओढ्यात येईल असे नाही. समुद्रात सगळ्या ओढ्यांची पिल्ले मिसळतात. म्हणजे एका ओढ्याचे भवितव्य शेजारच्या ओढ्यांवर, कधी शेजारच्या बेटावरही अवलंबून असते. ओढा ही एकट्याची मालमत्ता नाही, हे इथे निसर्गच सांगतो.

हवाईयन समाजाची जुनी जमीनव्यवस्था याच समजुतीवर उभी होती. डोंगरमाथ्यापासून प्रवाळापर्यंतचा सलग पट्टा हा एक घटक, त्याला आहुपुआआ म्हणत. ओढ्याच्या पाण्यावर आउवाई नावाचे पाट काढून लोई, म्हणजे पाणथळ वाफे, भिजवत. या वाफ्यांत कालो लावत. कालो म्हणजे आपले अळूच. आपण पानांचे फदफदे आणि वड्या करतो, त्यांचा सगळा भर कंदावर. पॉलिनेशियातून होड्यांनी येताना लोकांनी ते बरोबर आणले, आणि हवाईयन परंपरेत ते माणसाचे थोरले भावंड मानले जाते. या पाटांचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: वाफ्यांतून फिरलेले पाणी पुन्हा ओढ्यात सोडायचे. पाण्याच्या वाटणीवर देखरेख करणारा कोनोहिकी असे. ती व्यवस्था निर्दोष होती असे म्हणण्याचे कारण नाही. ओढ्याचे पाणी ती वापरत होती, काठ बदलत होती. पण पाणी खोऱ्याच्या बाहेर जात नव्हते.

उसाने ते बदलले. हवाईत साखरेचे मळे एकोणिसाव्या शतकात वाढले आणि ऊस किती पाणी पितो हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. मळ्यांना ऊन हवे होते, म्हणून ते डोंगराच्या कोरड्या बाजूला. पाणी होते ओल्या बाजूला. माउई बेटावर १८७० च्या दशकातच मोठे कालवे सुरू झाले. ओआहूवर १९१३ ते १९१६ या काळात कोओलाऊ रांगेतून बोगदा पाडून वायाहोले कालवा तयार झाला. पूर्वेच्या ओढ्यांचे आणि डाइकमध्ये साठलेले पाणी त्याने पश्चिमेच्या मैदानातल्या उसाकडे वळवले. सरासरीने दिवसाला सुमारे २ कोटी ७० लाख गॅलन, म्हणजे दहा कोटी लिटरांहून अधिक. बोगद्यांनी डाइकच्या भिंतीच फोडल्या, त्यामुळे खडकातला साठा उतरला आणि झरे क्षीण झाले. खालच्या खोऱ्यातल्या अळूच्या वाफ्यांना पाणी पुरेनासे झाले. ओढा नकाशावर राहिला, प्रवाह मात्र बारीक झाला.

असे व्हायला साखरच लागते असे नाही. मुंबईने हेच साष्टी बेटावर पिण्याच्या पाण्यासाठी केले. मिठी नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात विहारचा तलाव १८६० साली पूर्ण झाला आणि शहराला नळाचे पाणी मिळाले. शहराची तहान खरी होती. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण मिठीच्या आजच्या स्थितीची चर्चा गाळ आणि प्लास्टिकपासून सुरू होते आणि तिथेच संपते, तेव्हा तिचे वरचे पाणी आपण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी काढून घेतले आहे, हे त्या चर्चेत यायला हवे.

वायाहोलेकडे परत येतो. १९९३ साली तिथल्या साखर कंपनीने मळे बंद करण्याचे जाहीर केले. कालव्यातल्या पाण्याचे आता काय करायचे? पश्चिमेकडचे जमीनमालक, बांधकाम व्यावसायिक, भाजीपाला पिकवणारे नवे शेतकरी यांना ते हवे होते. पूर्वेच्या खोऱ्यातल्या अळू उत्पादकांनी आणि हवाईयन कुटुंबांनी ते ओढ्यात परत मागितले. ही माणसे लढ्याला नवी नव्हती. १९७० च्या दशकात खोरे रिकामे करण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा रस्ता अडवून त्यांनी आपली घरे राखली होती आणि १९७७ साली राज्य सरकारला खोऱ्यातली जमीन विकत घ्यावी लागली होती. या वेळी वाद चालू असतानाच, १९९४ च्या अखेरीस, काही पाणी तात्पुरते ओढ्यांत सोडले गेले.

त्यानंतर जे दिसले ते या शास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. वाढलेल्या प्रवाहाने परक्या माशांना धुऊन खाली नेले. हे परके मासे मूळच्या ओओपूंशी अन्नासाठी आणि जागेसाठी स्पर्धा करत होते, त्यांच्यात परजीवी आणि रोग पसरवत होते, त्यांच्या विणीत अडथळा आणत होते. प्रवाह सुधारल्यावर ओओपू, हीहीवाई आणि कोळंब्या पुन्हा वाढण्याची चांगली आशा आहे, असे तज्ज्ञांनी सांगितले. कोणी मासे आणून सोडले नव्हते. कोणी काठावर बाग केली नव्हती. फक्त पाणी सोडले होते.

वाद जल आयोगापुढे गेला, आयोगाचा निर्णय १९९७ च्या डिसेंबरात आला, आणि २२ ऑगस्ट २००० रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो जगभरच्या जलकायद्याच्या अभ्यासात आज वाचला जातो. न्यायालयाने म्हटले की पाणी ही सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायची विश्वस्त ठेव आहे. ओढ्यात पाणी नैसर्गिक रूपात राहणे हाही त्या ठेवीचा एक हेतू आहे, आणि हवाईयन लोकांचे परंपरागत वापर हाही. खासगी व्यापारी कारणासाठी ज्याला पाणी बाहेर न्यायचे आहे, त्याने आपली गरज सिद्ध केली पाहिजे. ओढ्याने आपली गरज सिद्ध करत बसायचे नाही. आणि शास्त्रीय माहिती अपुरी असेल तेव्हा ती अपुरी आहे या सबबीवर ओढा कोरडा ठेवता येणार नाही, सावधगिरीचे माप ओढ्याच्या बाजूला पडले पाहिजे. भारतीय वाचकाला विश्वस्ताचे हे तत्त्व परके नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात, बियास नदीचे पात्र वळवल्याच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात तेच तत्त्व भारतीय कायद्यात आणले. पण हवाईने त्यापुढचे पाऊल टाकले. तत्त्वाचे रूपांतर लिटरांत करा, असे तिथल्या न्यायालयाने आयोगाला सांगितले: कोणत्या ओढ्यात, कोणत्या ठिकाणी, कमीत कमी किती प्रवाह राहील ते ठरवा.

हे ठरवणे सोपे नव्हते. आयोगाचा दुसरा निर्णय २००१ मध्ये आला, त्यावर न्यायालयाने २००४ मध्ये पुन्हा बोट ठेवले, तिसरा निर्णय २००६ मध्ये झाला. आजही कालव्यातून काही पाणी पश्चिमेच्या शेतीला जाते. ओढ्याला सगळे परत मिळाले नाही. तरीही साखरेच्या काळात ज्याचा हिशेब शून्य धरला जात होता, त्या ओढ्याच्या नावावर आता पाणी आहे.

आता या अभ्यासक्षेत्राच्या चौकटीकडे येऊ. बिघडलेली किंवा उद्ध्वस्त झालेली परिसंस्था सावरायला मदत करणे, अशी पुनरुज्जीवनाची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. यातला ‘मदत’ हा भाग महत्त्वाचा. सावरायचे काम परिसंस्था स्वतः करते. विद्यापीठीय पातळीवर या कामाची सुरुवात बहुधा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या गवताळ माळांपासून सांगतात, १९३० च्या दशकात आल्डो लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. नद्या-ओढ्यांकडे लक्ष नंतर गेले. १९९७ साली लरॉय पॉफ आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक प्रवाहक्रमाची कल्पना मांडली आणि अभ्यासाला वळण मिळाले. ती अशी: ओढ्याला वर्षाकाठी एकूण किती पाणी मिळते एवढेच पाहून चालत नाही, पूर केवढा येतो, किती वेळा येतो, किती दिवस टिकतो, कोणत्या ऋतूत येतो आणि पाणी किती झपाट्याने चढते-उतरते, या पाचही गोष्टी तिथल्या जिवांच्या आयुष्यात विणलेल्या असतात.

पहिल्या पावसात ओढे भरले की चढणीचे मासे पकडायला निघणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. वलगणीच्या रात्री कंदील आणि जाळे घेऊन बाहेर पडणारा माणूस प्रवाहक्रमच वाचत असतो. हवाईतला ओओपू नाकेआ याच्या उलट दिशेने जातो. शरद ऋतूतल्या पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर तो अंडी घालायला मुखाकडे उतरतो. दोन्हीकडे लोंढा ही हाक असते. म्हणूनच वर्षभर सारखाच बारीक प्रवाह ठेवून ‘किमान पाणी सोडले’ असे म्हणणे पुरत नाही. हाक यायला हवी.

दुसरा धडा हिशेबाचा. २००५ साली एमिली बर्नहार्ट, मार्गारेट पामर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नदी-पुनरुज्जीवनाच्या ३७ हजारांहून अधिक प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या. वर्षाला अब्जाहून अधिक डॉलर खर्च होत होते, आणि जेमतेम दहा टक्के प्रकल्पांच्या नोंदीत कामानंतरच्या निरीक्षणाचा किंवा मूल्यमापनाचा उल्लेख होता. काठ बांधले, दगड रचले, झाडे लावली, फलक उभारला. मासे आले का, हे पाहायला कोणी परत गेले नाही. हा आकडा वाचून मला दुःख होते. आपल्याकडच्या नदी-सुशोभीकरणाच्या कामांना तो जसाच्या तसा लागू करण्याचा मला अधिकार नाही. पण काम पूर्ण झाल्यावर पाण्यात कोण राहायला आले याची नोंद कोणत्या निविदेत मागितली जाते, हा प्रश्न वाचकाने आपल्या गावात जरूर विचारावा.

ओआहूवरचेच आणखी एक खोरे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मराठी वाचकाला ते बुचकळ्यात टाकेल. वायाहोलेच्या दक्षिणेला, त्याच उपसागरावर, हेएइया नावाचा ओढा आहे. त्याच्या मुखाशी ८८ एकरांचे दगडी भिंतीचे मत्स्यतळे आहे, कित्येक शतकांचे जुने. वरच्या पाणथळ जागेत एके काळी अळूचे वाफे होते. ते मोडल्यावर तिथे आपल्याकडे चारा म्हणून लावतात ते पॅरा गवत माजले. आणि तळ्याच्या भिंतीवर व ओढ्याच्या मुखाशी खारफुटी वाढली. २००१ पासून स्थानिक लोकांची एक संस्था ही खारफुटी तोडून, भिंत दगडादगडाने पुन्हा उभी करते आहे. वरच्या बाजूला दुसरी संस्था गवत काढून अळूचे वाफे परत आणते आहे. वाफे गाळ अडवतात, खालचे तळे आणि त्यापुढचा प्रवाळ त्यामुळे वाचतो. २०१७ साली हे खोरे अमेरिकेच्या राष्ट्रीय खाडी-संशोधन क्षेत्रांच्या जाळ्यात आले.

खारफुटी तोडून पुनरुज्जीवन! ज्या महाराष्ट्रात उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१२ साली त्यांच्या रक्षणासाठी राज्याने स्वतंत्र कक्ष स्थापन केला, तिथल्या वाचकाला हे अघोरी वाटणे साहजिक आहे. पण हवाईत खारफुटी मूळची नाहीच. १९०२ साली मोलोकाई बेटावर चिखल थोपवण्यासाठी ती बाहेरून आणली गेली आणि मग पसरली. तिथल्या किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीत तिला खाणारे, तिची पाने कुजवणारे, तिच्या मुळांत वाढणारे असे फारसे कोणी नाही. तिच्यामुळे उघडे चिखलपट्टे बुजले आणि तिथे चरणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा गेली. झाड खारफुटीचेच, ठाण्याच्या खाडीत ते जपायचे आणि हेएइयात काढायचे. या शास्त्रात कोणताही उपाय आपला पत्ता सांगितल्याशिवाय खरा ठरत नाही. म्हणूनच दुसऱ्या देशातली यशोगाथा पाहून ती इथे उतरवण्याची घाई मला धोक्याची वाटते.

मग दुसऱ्यांची उदाहरणे अभ्यासायची कशाला? क्रम शिकण्यासाठी. हवाईचा क्रम मला पटतो तो असा: पहिल्यांदा पाणी, मग पाण्याची समुद्रापर्यंतची सलगता, मग परके जीव आणि गाळ, आणि काठाची शोभा सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमके उलटे होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मिठीच्या काठाने काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. पुराची भीती खरी होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ओआहूच्या शहरी ओढ्यांनाही पुराच्याच भीतीने काँक्रीटचे तळ मिळाले, आणि त्या उघड्या, उथळ, तापलेल्या पाण्यातून ओओपूच्या पिल्लांना वर जाणे अवघड झाले. भिंत पाणी पुढे ढकलते, ते मुरू देत नाही, काठाची सावली घालवते. पुरापासून माणसे वाचवायची आणि ओढाही जिवंत ठेवायचा, हे एकत्र साधणारी रचना शोधणे हे या क्षेत्रातले आज सर्वांत कठीण काम आहे. तरुण अभियंत्यांनी त्याला हात घालावा असे मला मनापासून वाटते.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. पाणी परत आले तरी सगळे परत येत नाही. ताहितीची मोठी कोळंबी १९५६ साली हवाईत मुद्दाम सोडली गेली. ती आज तिथल्या ओढ्यांत ठाण मांडून आहे आणि कोणताही पूर तिला पुरता काढू शकत नाही, कारण तिचेही आयुष्य समुद्रातून फिरून येते. वरच्या रानात डुकरे माती उकरतात, तो गाळ खाली येतो. हवामान बदलते आहे. शंभर वर्षांपूर्वीचा ओढा जसाच्या तसा कोणी परत आणू शकणार नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. साध्य होते ते एवढेच की जिवांची फेरी पुन्हा सुरू होते. माझ्या लेखी ते पुष्कळ आहे.

या क्षेत्रात प्रवेश करायला कोणती पदवी लागते, असे विद्यार्थी विचारतात. माशांचा अभ्यासक हवा, भूजलाचा हवा, वकील हवा, आणि पाटाचे पाणी कोणत्या वेळी कुठे वळवायचे हे जाणणारा शेतकरी तर हवाच हवा. वायाहोलेच्या खटल्यात या सगळ्यांच्या साक्षी लागल्या. अळू लावणाऱ्या माणसाने वाफ्यातल्या पाण्याबद्दल सांगितलेले आणि जीवशास्त्रज्ञाने ओओपूबद्दल सांगितलेले एकाच नोंदीत आले, म्हणून तो निकाल भक्कम झाला. तेव्हा वाचकहो, आपली शाखा कोणतीही असो, संकोच न करता आत या. जे समजणार नाही ते सोडून पुढे जा आणि नंतर मागे या. हा विषय एका बैठकीत पुरा होत नाही.

आणि वाचन सुरू करण्याबरोबरच एक काम हाती घ्या. तुमच्या गावातून, वाडीतून, वसाहतीमागून जो ओढा वाहतो, त्यातल्या एका पक्क्या दगडावर किंवा पुलाच्या खांबावर खुणांची पट्टी रंगवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाण्याची उंची वहीत लिहा. पाणी कधी आटले, पहिला लोंढा कोणत्या तारखेला आला, चढणीचे मासे दिसले की नाही, तेही लिहा. शाळेतली मुले हे काम उत्तम करतात. उद्या त्या ओढ्याचे पाणी कोणी वळवायला निघाले किंवा कोणी तो सावरायला निघाला, तर दोघांपुढेही ठेवायला पुरावा म्हणून तुमची वही असेल.